नसांचं दुखणं आणि अंगावर उठणारं अनोळखी पुरळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. पायांची आग, मुंग्या आणि रात्री-अपरात्री मारणाऱ्या सणका घेऊन सात वर्षं काढलेली रुग्ण आहे. त्यातली चार वर्षं अंगावर मधूनच काहीतरी उठायचं आणि ते काय आहे हे चटकन कोणालाच सांगता यायचं नाही. या काळात मी डॉक्टरांना जे विचारलं आणि माझ्यासारख्याच दुखणेकऱ्यांनी मला जे विचारलं, ते इथे मांडलं आहे. बाकी काही वाचा न वाचा, पहिला प्रश्न मात्र गाळू नका.

आत्ता अंगावर पुरळ आहे. सकाळपर्यंत थांबू का?

पुढचं काहीही असेल तर थांबू नका, मध्यरात्र असली तरी निघा. पुरळासोबत ताप आहे. चेहरा किंवा डोळ्यांभोवतीचा भाग सुजलाय. तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड आलेत किंवा तिथे सोलवटल्यासारखं झालंय. त्वचा खाजण्याऐवजी भाजल्यासारखी दुखतेय, फोड येतायत, नुसतं घासलं तरी साल सुटतंय. ओठ-जीभ सुजलीय, श्वास लागतोय.

जांभळट ठिपके दिसत असतील तर काचेचा पारदर्शक पेला त्यावर दाबून बघा. साधी लाली दाबाखाली फिकी पडते. ठिपके तसेच राहिले तर रक्त त्वचेत उतरलंय, म्हणजे त्याच दिवशी दाखवायला हवं. सोबत ताप असेल तर त्याच तासाला.

आणि अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाण्याचे फोड असतील तर ती नागीण असू शकते. विषाणूविरोधी गोळ्या फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर डोळ्याला धोका असतो. नागिणीत आपल्यासारख्यांची फसगत ठरलेली. फोड येण्याच्या काही दिवस आधीच तिथे आग आणि ठणका सुरू होतो, आणि आपण म्हणतो, "हं, नेहमीचंच दुखणं वाढलंय."

हे औषधामुळेच आलंय का?

असू शकतं. याचं उत्तर पुरळाच्या रंगारूपापेक्षा तारखेत जास्त सापडतं. नवीन गोळी कधी सुरू केली, डोस कधी वाढवला, पुरळ कधी दिसलं, या तीन तारखा कागदावर एकाखाली एक लिहा.

औषधाचं नेहमीचं, गोवरासारखं बारीक पुरळ साधारण ४ ते १४ दिवसांत येतं. पाठीपोटावर आधी, मग हातापायांवर. ज्याची भीती बाळगावी असे दोन प्रकार जरा उशिरा येतात. एक स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, ज्यात फोड येऊन त्वचा आणि तोंड-डोळे सोलवटतात. अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी १९२२ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव. तो बहुधा पहिल्या आठ आठवड्यांत गाठतो. दुसरा ड्रेस सिंड्रोम, साधारण दोन ते आठ आठवड्यांनी. त्यात ताप, चेहऱ्यावर सूज, गाठी येतात आणि यकृतालाही इजा होऊ शकते. "महिनाभर घेतोय, काही झालं नाही, म्हणजे ही गोळी मानवली" हे म्हणूनच खरं नव्हे.

नसांच्या दुखण्यावर वापरल्या जाणाऱ्या औषधांत या बाबतीत सगळ्यांत जपून वागायचं ते कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि लॅमोट्रिजिन यांच्याशी. चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर, कार्बामाझेपिन हे अजूनही पहिल्या फळीतलं औषध आहे. एचएलए-बी १५:०२ हा जनुकीय प्रकार अंगात असला तर कार्बामाझेपिनने गंभीर पुरळ उठण्याची शक्यता फार वाढते. हा प्रकार आशियाई वंशाच्या लोकांत जास्त आढळतो, म्हणून २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अशा रुग्णांची गोळी सुरू करण्याआधी तपासणी करायला सांगितलं. तपासणी निरंक आली म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये, इतर प्रकारचं पुरळ तरीही येऊ शकतं. लॅमोट्रिजिनचा डोस मुंगीच्या पावलांनी वाढवतात तो याच कारणासाठी. मध्ये काही दिवस गोळी चुकली तर जुन्याच डोसवर परस्पर उडी मारू नका, विचारून घ्या.

गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांनीही पुरळ येऊ शकतं, पण इतक्या सहज नाही. प्रीगॅबालिनने पावलं सुजतात आणि क्वचित चेहरा-ओठही. ट्रॅमाडॉल-मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी पुरळ नसतानाही अंगभर खाज सुटू शकते.

आणि हो, गुन्हेगार नेहमी नसांचीच गोळी असते असं नाही. दोन आठवड्यांपूर्वी घशासाठी घेतलेलं अँटिबायोटिक आपण यादीत लिहीतच नाही.

मग संशय येताच गोळी बंद करू का?

पहिल्या प्रश्नातली धोक्याची लक्षणं असतील तर पुढची गोळी तोंडात घालू नका. पाकीट हातात घ्या आणि थेट रुग्णालयात जा. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन नव्याने सुरू असेल आणि पुरळ साधंच वाटत असेल, तरी पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांशी बोलणं झालंच पाहिजे.

बाकी औषधांच्या बाबतीत त्याच दिवशी फोन करा, पण आपल्या मनाने एकदम तोडू नका. हे मी शहाणपणातून नव्हे, मूर्खपणातून सांगतेय. तिसऱ्या वर्षी माझ्या कमरेवर आणि डाव्या पोटरीवर तपकिरी-जांभळट जाळी उमटली. कोणीतरी मासे धरायचं जाळं शाईत बुडवून कातडीवर टेकवावं तशी. मी ठरवून टाकलं की हे गॅबापेंटिनच. रात्रीचा डोस बंद, सकाळचा बंद, कोणाला न विचारता. पुढच्या तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, अंगाला दरदरून घाम, छातीत धडधड आणि पायांत असा भडका की चादरीची घडीसुद्धा टोचावी. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन एकदम थांबवली की असं होतं, काहींना झटकेही येतात, हे मला नंतर कळलं. चौथ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरांनी जाळीकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "शेक कुठे घेता?"

शेकाने पुरळ? भाजलं तर नव्हतं!

भाजावं लागतच नाही. पोळणार नाही इतक्या, साधारण ४३ ते ४७ अंश सेल्सिअसच्या उष्णतेचा शेक त्याच जागी दिवसेंदिवस बसला की त्वचेवर अशी जाळी उमटते. त्याचं लॅटिन नाव एरिथेमा अ‍ॅब इग्ने, म्हणजे 'आगीमुळे आलेली लाली'. पूर्वी शेगडीपुढे तासन्‌तास बसणाऱ्यांच्या नडग्यांवर ती दिसायची. आता गरम पाण्याची पिशवी, विजेचा हीटिंग पॅड आणि मांडीवरचा लॅपटॉप यांच्याखाली दिसते. आधी लालसर, येऊन-जाऊन. मग तपकिरी, मुक्कामाला. खाज फारशी नसते, त्यामुळे आरशात दिसेपर्यंत पत्ता लागत नाही.

उपाय एकच: त्या जागेचा शेक थांबवायचा. माझी जाळी फिकी व्हायला आठ-नऊ महिने लागले. फार जुनी झाली तर डाग कायम राहतो. अनेक वर्षं शेकल्या गेलेल्या जागी क्वचित त्वचेचा कर्करोग झाल्याचीही नोंद आहे, म्हणून तिथे गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर दाखवायची. शेक घेतल्याशिवाय चालतच नसेल, आणि चालत नाही हे मलाही ठाऊक आहे, तर मध्ये जाड कापड, घड्याळात पंधरा-वीस मिनिटं आणि दर वेळी जागा बदलून. पॅड अंगाखाली घेऊन झोपायचं नाही. बधिर पावलांना तर शेक नकोच, तिथे खरंच भाजलं तरी कळत नाही.

खाज मरणाची आहे, पण त्वचेवर काहीच दिसत नाही. भास होतोय का?

भास नव्हे. दुखण्याची आणि खाजेची खबर बऱ्याच अंशी त्याच बारीक नसा नेतात. नस बिघडली की कुठे आग होते, कुठे मुंग्या, कुठे खाज. पाठीवर एका बाजूला, फऱ्याच्या आतल्या कडेला, हात पुरता पोहोचत नाही नेमक्या तिथे खाजत असेल तर त्याला नोटाल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. कोपराच्या वर-खाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला खाजत असेल आणि बर्फ ठेवल्यावरच जीवात जीव येत असेल तर ती ब्रॅकिओरेडियल खाज. दोन्हींची मुळं पुष्कळदा मणक्यापाशी नस दाबली जाण्यात असतात.

अशा खाजेवर अ‍ॅलर्जीची गोळी लागू पडत नाही, कारण ती गोळी हिस्टामाइन, म्हणजे अ‍ॅलर्जीत अंगात सुटणारं रसायन, अडवते आणि इथे हिस्टामाइनचा हात नसतो. कधी बधिरपणाचं मलम, कधी कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याचं मलम, कधी नसांच्याच गोळ्या कामी येतात.

पण मग पुरळ कुठून येतं? आपल्या नखांतून. खाजवून खाजवून कातडी जाड, काळसर, खरखरीत होते, काहींना कडक गाठी येतात. एक जुनी खूण आहे: अंगभर खाज असलेल्या माणसाच्या पाठीचा मधला, हात न पोहोचणारा भाग कोरा असेल आणि बाकी सगळीकडे ओरखडे असतील, तर ते पुरळ खाजेनंतर आलेलं. आधी काय आलं, खाज की पुरळ, हे आठवून सांगा. डॉक्टरांचं निम्मं काम तिथेच होतं.

दुखणं वाढलं की कातडी लाल आणि गरम होते. हे पुरळच ना?

नसतंही. त्वचेतली नसांची टोकं चेतवली की ती स्वतःच काही रसायनं सोडतात, सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही त्यातली दोन. त्यांनी केशवाहिन्या रुंदावतात, जागा लाल आणि ऊनऊन लागते. दुखापतीनंतर किंवा प्लास्टर निघाल्यानंतर एकाच हाताचा किंवा पायाचा रंग, तापमान, घाम, केस, नखं बदलत असतील आणि दुखणं इजेच्या मानाने फारच जास्त असेल, तर कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोमचा विचार करतात. त्यात लवकर व्यायामोपचार सुरू होणं मोलाचं.

पावलं लालबुंद होऊन पेटल्यासारखी जळतात आणि गारव्यानेच शमतात, असं असेल तर ते एरिथ्रोमेलाल्जिया असू शकतं. बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसायचा मोह अनावर होतो. तो आवरा. सततच्या बर्फाने त्वचा मरते, जखमा होतात. पंखा बरा.

नसा आणि त्वचा, दोन्ही एकाच आजाराने बिघडतात असं असतं का?

असतं, आणि ही शक्यता कोणीतरी एकदा तरी तपासलेली असावी. मधुमेहात पावलांना घाम येणं बंद होतं, त्वचा कोरडी पडून भेगा जातात, आणि बधिरपणामुळे भेगेची जखम कधी झाली कळत नाही. रक्तवाहिन्यांच्या दाहात न फिके पडणारे जांभळे ठिपके आणि एकाएकी लुळा पडलेला पाऊल किंवा पंजा सोबत येऊ शकतात, ते तातडीचं. ल्युपस आणि श्योग्रेन या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारांत पुरळ, सांधे, कोरडे डोळे आणि नसा असा गोतावळा असतो. बी-१२ कमी असलं तर पायांत मुंग्या आणि बोटांच्या पेरांवर काळपटपणा. लहानपणापासून हातापायांची आग आणि बेंबीखाली-मांड्यांवर बारीक गडद लाल ठिपके असतील तर फॅब्री हा दुर्मिळ आनुवंशिक आजार.

आणि कुष्ठरोग. नाव घेतलं की खोलीत शांतता पसरते, म्हणून मुद्दाम घेतेय. फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे स्पर्श किंवा गरम-गार कळत नाही, कोपराशी किंवा गुडघ्याच्या बाजूला नस जाड लागते, एवढ्यावर संशय घ्यायला हवा. चट्टा सहसा खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्षित राहतो. त्याचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. आज ६ किंवा १२ महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो, आणि १९९५ पासून जागतिक आरोग्य संघटना ही औषधं जगभर मोफत पुरवते. उशीर झाला तर जंतू मरतो, पण मेलेली नस परत येत नाही.

गांधी उठतात आणि डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत गायब. काय दाखवू?

पेन घ्या. उठलेल्या एका गांधीभोवती कड आखा, बाजूला वेळ लिहा, फोटो काढा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. साधं अंगावर पित्त उठणं असेल तर ती गांध २४ तासांच्या आत जाते, दुसरीकडे नवी उठते आणि मागे खूण राहत नाही. कडेच्या आत तीच गांध दुसऱ्या दिवशीही असेल, खाजण्यापेक्षा दुखत असेल आणि जाताना निळसर डाग ठेवत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा संशय येतो आणि त्वचेचा तुकडा तपासतात. सहा आठवड्यांहून जास्त काळ हे चाललं तर त्याला जुनाट म्हणायचं. बहुतेकांत बाहेरचं असं एक कारण सापडतच नाही, तरी उपचार असतात.

दुखण्यावर लावलेल्या वस्तूनेच पुरळ आलंय हे कसं कळेल?

आकारावरून. निसर्ग चौकोन काढत नाही. पट्टीच्या किंवा विजेच्या हलक्या स्पंदनांनी दुखणं कमी करणाऱ्या टेन्स यंत्राच्या चकतीच्या मापाचं, सरळ कडांचं पुरळ असेल तर चिकट थराची किंवा जेलची अ‍ॅलर्जी धरा. लिडोकेनची, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाची, पट्टी १२ तास लावून १२ तास मोकळी ठेवायची असते, हेही पुष्कळांना कोणी सांगितलेलं नसतं. कीटोप्रोफेनचं जेल लावून उन्हात गेलात तर लावलेली जागा पेटू शकते, जेल बंद केल्यावरही काही आठवडे. कॅप्सेसिनने लाल होणं, चुरचुरणं हे त्याचं कामच आहे. फोड येणं हे नाही.

यावर आणखी एक लेप म्हणजे तीन औषधांची मिसळ असलेली स्टेरॉइडची ट्यूब, कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली. त्याने दोन दिवस बरं वाटतं. खाली नायटा असेल तर तो रूप बदलून पसरतो आणि मग तज्ज्ञालाही ओळखू येत नाही.

कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. मलम चोळू कसं?

चोळायचंच नाही. तळहातावर घेऊन ऊब आणायची, मग हात सपाट टेकवून ठेवायचा आणि उचलायचा. हलका, फिरता स्पर्श नसांना सगळ्यांत जास्त डिवचतो. स्थिर, भरीव दाब बऱ्याच जणांना चालतो. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आंघोळीनंतर तीनेक मिनिटांत, अंग ओलसर असतानाच. फ्रिजमध्ये ठेवलेलं मलम खाजेला छान, पण गारव्याने सणका मारतात त्यांनी वाटेला जाऊ नये. मेन्थॉलचंही तेच. कपडा सैल, शिवण बाहेरच्या बाजूला. हो, घरात मी सगळं उलटं घालते.

खाजेसाठी झोप आणणारी गोळी चालेल?

आधीच गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असेल तर तिची गुंगी त्यांच्या गुंगीत भर घालते. वयस्कर माणसांत तोल जाणं, लघवी अडणं, गोंधळणं. डॉक्टरांना सगळ्या गोळ्या सांगूनच घ्या.

"हे सगळं ताणामुळे आहे" असं सांगून परत पाठवलं तर?

ताणाने गांधी आणि खाज वाढते, हे खरं. पण ताण हे तपासण्यांनंतरचं उत्तर आहे, आधीचं नव्हे. "कशाकशाची शक्यता तपासून बाजूला सारली?" एवढं शांतपणे विचारा. मला एकदा यावर उत्तर मिळालं नाही, मी डॉक्टर बदलले.

तपासण्या कोणत्या असतात?

औषधाचा संशय असेल तर रक्तातल्या पेशी, त्यात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी), आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या. स्पर्शाच्या अ‍ॅलर्जीसाठी पॅच टेस्ट: पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात आणि काढल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात, त्यामुळे तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. बारीक नसा मोजण्यासाठी घोट्याच्या वर सुमारे १० सेंटिमीटरवरून ३ मिलिमीटरचा त्वचेचा गोल तुकडा काढतात. पुरळाचा तुकडा तपासायचा तर नवी, न खाजवलेली, स्टेरॉइड न लावलेली जागा लागते. म्हणून जायच्या आदल्या दिवशी ट्यूब फासून पुरळ "जरा बरं" करून नेऊ नका.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा, एक जवळून, एक लांबून. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा राखाडी-तपकिरी दिसते, "लाल आहे का?" या प्रश्नाला आपण सरळ नाही म्हणून बसतो. शेजारची चांगली कातडीही चौकटीत येऊ द्या.

पुरळ गेलं. आता विषय संपला?

औषधाचं होतं असं ठरलं असेल तर नाही. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फिटवरची फेनिटॉइन, फेनोबार्बिटल ही रचनेने एकमेकांच्या जवळची औषधं आहेत. एकाने गंभीर पुरळ आलं असेल तर दुसऱ्यानेही येऊ शकतं, आणि पाच वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे कळायला वाव नसतो.

माझ्या पाकिटात दुमडलेला एक कागद आहे. त्यावर औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख, पुरळाची तारीख, ते कसं दिसत होतं आणि किती दिवसांत गेलं, असं लिहिलेलं. ऑक्सकार्बाझेपिनची एक ओळ आहे, एका पट्टीची एक. गॅबापेंटिनची ओळ खोडलेली आहे आणि तिच्यापुढे दुसऱ्या शाईत लिहिलंय: गरम पाण्याची पिशवी.